चयापचयाच्या संशोधनात आधी प्रश्न की आधी तंत्र? हान्स क्रेब्स यांच्या कामाच्या आधारे उत्तर

विकरे (शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी एन्झाइम्स) आणि चयापचय यांवर संशोधन करण्याची इच्छा आहे, परंतु आयुष्य वेचावे असा मोठा प्रश्न सुचत नाही, तर आधी प्रश्न शोधावा की तंत्र शिकावे, असे तुम्ही एम.एस्सी.च्या टप्प्यावर विचारले आहे. मोजमापाची एक पद्धत आधी हातात पक्की बसू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जीवरसायनशास्त्र शिकवताना पेशीतील चयापचयाची चक्रे उलगडणारे जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्स यांचे काम मी वारंवार विद्यार्थ्यांसमोर मांडले, आणि हे मत त्यातूनच घडले.

क्रेब्स १९२६ ते १९३० या काळात बर्लिनमधील डालेम येथे ओटो वॉरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत होते. ऊतीच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ चकत्या क्षारद्रावणात ठेवून त्या किती ऑक्सिजन शोषतात, हे दाबमापकाने मोजण्याची पद्धत ते तेथे शिकले. वॉरबर्ग यांना तिचा उपयोग मुख्यतः पेशींच्या श्वसनासाठी हवा होता. शरीरातील संश्लेषणाच्या क्रियाही तिने अभ्यासता येतील, हे क्रेब्स यांनी हेरले.

फ्रायबुर्गला गेल्यावर त्यांनी कुर्ट हेन्सेलाइट या विद्यार्थ्यासह उंदराच्या यकृताच्या चकत्यांमध्ये युरिया, म्हणजे लघवीवाटे बाहेर पडणारा नायट्रोजनयुक्त पदार्थ, कसा बनतो हे तपासायला घेतले. युरिया मोजण्यासाठी त्यांनी युरिएझ हे विकर वापरले आणि त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड दाबमापकावर वाचला. अमोनियासोबत ऑर्निथीन हे अमिनो आम्ल दिले की युरियानिर्मितीचा वेग एकदम वाढे. ऑर्निथीनमधील नायट्रोजनच युरियात जात असावा, ही शंका साहजिक होती. परंतु ऑर्निथीनची मात्रा खूप कमी केली, तरी त्यातील नायट्रोजनाच्या हिशेबात न बसणारा, कितीतरी अधिक युरिया तयार होत राहिला. म्हणजे ऑर्निथीन खर्चच होत नव्हते. आर्जिनेझ हे विकर आर्जिनीनचे विघटन करून युरिया आणि ऑर्निथीन देते, हे आधीच ठाऊक होते. त्यामुळे ऑर्निथीनपासून सिट्रुलिन, त्यापासून आर्जिनीन आणि पुन्हा ऑर्निथीन असे चक्र १९३२ मध्ये मांडता आले. केवळ 'युरिया बनतो की नाही' एवढेच पाहणाऱ्याला हे चक्र दिसले नसते. ते दिसले प्रमाणांच्या तुलनेतून.

१९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू असल्यामुळे क्रेब्स यांना नोकरीवरून काढले आणि तेथील जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या निमंत्रणावरून ते केंब्रिजला आले. (आपल्या कमला सोहोनी यांनीही पुढे हॉपकिन्स यांच्याच विभागात वनस्पतींतील सायटोक्रोम सी वर काम केले.) १९३५ मध्ये ते शेफिल्डला गेले आणि तेथे हाच विचार अन्नाच्या ज्वलनाला लागू झाला. फ्यूमरेटसारखी आम्ले अत्यल्प प्रमाणातही कबुतराच्या छातीच्या स्नायूचे श्वसन टिकवून धरतात, हे सेंट-ग्योर्गी यांनी दाखवले होते, तर सायट्रेटपासून पुढचा मार्ग मार्टियस आणि क्नूप यांनी उलगडला होता. क्रेब्स आणि विल्यम जॉन्सन यांना सायट्रेटही उत्प्रेरकासारखे, म्हणजे स्वतः खर्च न होता क्रिया वाढवताना, आढळले. सर्वांत देखणा पुरावा मॅलोनेट या अवरोधकाचा आहे. मॅलोनेट सक्सिनेटचे फ्यूमरेट होऊ देत नाही, आणि तरीही मॅलोनेटच्या उपस्थितीत फ्यूमरेट दिल्यास ऑक्सिजन वापरला जाऊन सक्सिनेट साचते. थेट वाट बंद असल्यामुळे फ्यूमरेट दुसऱ्या बाजूने, म्हणजे ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि सायट्रेट यांच्या मार्गाने, वळसा घालून सक्सिनेटपर्यंत पोहोचत असले पाहिजे. हेच सायट्रिक आम्ल चक्र, म्हणजे क्रेब्स चक्र. एका अवरोधकाच्या साहाय्याने चक्र सिद्ध करण्याचे इतके नितळ उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

१९३७ मध्ये 'नेचर'ने या चक्रावरील टिपण जागेअभावी परत केले आणि ते 'एन्झायमोलॉजिया'त प्रसिद्ध झाले, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. मात्र त्या मांडणीत एक मोठी पोकळी होती, हे सहसा सांगितले जात नाही. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटशी नेमका कोणता पदार्थ जोडला जातो, हे क्रेब्स यांना माहीत नव्हते. जीवरसायनशास्त्रज्ञ लिपमन यांनी कोएन्झाइम ए (विकरांना साहाय्य करणारा रेणू) शोधले आणि १९५१ मध्ये लिनेन यांनी अ‍ॅसिटिल कोएन्झाइम ए ओळखले, तेव्हा ती भरून निघाली. १९५३ चे नोबेल क्रेब्स आणि लिपमन यांना विभागून मिळाले, हे मला म्हणूनच अत्यंत योग्य वाटते. पुढे ऑक्सफर्डमध्येही हा विचार सुटला नाही. १९५७ मध्ये हान्स कॉर्नबर्ग यांच्यासह त्यांनी ग्लायऑक्झिलेट चक्र (सायट्रिक आम्ल चक्राचाच एक फेरबदल) मांडले.

आज दाबमापकाची जागा समस्थानिकांनी (अणूंच्या ओळखता येणाऱ्या प्रकारांनी) आणि वस्तुमान वर्णपटमापकाने (रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्राने) घेतली आहे, पण किती गेले आणि किती आले हा हिशेब तोच आहे. म्हणून पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना तेथील यंत्रांची यादी पाहण्याआधी मार्गदर्शकांना हे विचारा की, पेशींना दिलेल्या कार्बनपैकी किती कार्बनचा माग त्यांच्या प्रयोगांत लागतो आणि उरलेल्याचा शोध कोण घेत आहे. तो उरलेला भाग कोणीच शोधत नसेल, तर तोच काही काळ तुमच्याकडे मागून घ्या.