शहर प्रशासनातली ‘इनोव्हेशन’ची नोकरी : आधी फाइल वाचायला शीक

तुझं पत्र मिळालं. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि शहराच्या कारभारात नवे प्रयोग करणाऱ्या टीममध्ये जायचं म्हणतेस. ‘त्यासाठी डिझाइनचा कोर्स करू का?’ हा तुझा प्रश्न. सरकारात नवं काही घडतच नाही, असं बाबांचं म्हणणं.

बाबांचं अर्धं खरं आहे. नवं घडतं, पण पुष्कळदा टिकत नाही. मेक्सिको सिटीत २०१३ साली ‘लॅबोरेटोरियो पारा ला सिउदाद’ नावाची, शहराच्या कारभारात नवे प्रयोग करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या मिनीबसच्या मार्गांचा धड नकाशा नव्हता, तर या मंडळींनी नकाशा बनवण्याचाच एक खेळ काढला आणि प्रवाशांच्याच मोबाइलवरून मार्ग नोंदवून घेतले. जगभर वाहवा झाली. २०१८ मध्ये शहराचं सरकार बदललं आणि लॅब बंद! बोस्टनमध्ये मात्र २०१० साली, थॉमस मेनिनो महापौर असताना सुरू झालेलं ‘न्यू अर्बन मेकॅनिक्स’ हे छोटं कार्यालय महापौर बदलूनही चालू राहिलं. त्यामुळे नोकरी शोधताना ‘टीम किती भारी आहे’ याआधी विचार, की हिचा पगार कुठल्या खात्यातून निघतो आणि साहेब बदलले तर काय?

आता नवे प्रयोग करायची क्षमता शहरं उभी कशी करतात ते बघ. एक मार्ग वेगळ्या टीमचा. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या देणग्या देणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांना अशा टीमसाठी अनुदान दिलं. शिकागो, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स त्यांतलीच. बाहेरच्या पैशाने सुरुवात होते, पण तो संपल्यावर शहराने स्वतःच्या बजेटमध्ये जागा केली तरच पुढे काही उरतं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहराने २०११ मध्ये ‘पीक अकॅडमी’ काढली. ती बाहेरच्या हुशार लोकांसाठी नाही, शहराच्याच कर्मचाऱ्यांना शिकवायला काढली. आपल्या कामाची एकेक पायरी कागदावर मांडायची, अर्ज कुठल्या टेबलावर उगाच पडून राहतो ते शोधायचं आणि ती पायरी काढून टाकायची. मोटारींच्या कारखान्यातून आलेली पद्धत आहे ही. ऐकायला अगदीच साधी, पण खिडकीवरच्या क्लार्कला अडचण जितकी ठाऊक असते तितकी कुठल्याही सल्लागाराला नसते. आणि सरकार बदलल्यावर क्लार्क तिथेच असतो.

यात तुझी जागा कुठे? डिझाइनच्या कोर्सची घाई करू नकोस. (पोस्ट-इटच्या रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायला फार दिवस लागत नाहीत.) अशा टीममध्ये कल्पना सुचवणारे खूप भेटतात. ‘प्रयोगाने खरंच फरक पडला का?’ हे सांगणारं माणूस मिळत नाही. समज, कर थकवणाऱ्यांना जाणाऱ्या नोटिशीची भाषा सोपी केली. वसुली वाढली, पण ती भाषेमुळे की वर्षअखेर आली म्हणून? निम्म्यांना जुनी, निम्म्यांना नवी नोटीस चिठ्ठ्या टाकून पाठवायची आणि दोन्हींकडची वसुली ताडून पाहायची, हे तुझ्याच विषयातलं काम आहे. तेही नोटिशी टपालात पडण्याआधी ठरवावं लागतं. नंतर कितीही हुशारी केली तरी उपयोग नाही.

दोन गोष्टी मात्र कॉलेजात शिकवणार नाहीत. पहिली, खरेदीचे नियम. चांगला प्रयोग पुष्कळदा टेंडरपाशी अडतो, कारण निविदेत काय हवं ते आधीच नेमकं लिहावं लागतं आणि प्रयोगात नेमकं तेच ठाऊक नसतं. एखादी निविदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढ. कंटाळा येईल, तरी वाच. दुसरी, खात्यांचा डेटा. तो स्वच्छ तक्त्यात मिळत नाही. एकच रस्ता तीन खात्यांत तीन नावांनी असतो, आणि ते जुळवायला त्या त्या खात्यातल्या माणसांशी गोडीत बोलावं लागतं.

पहिली नोकरी इनोव्हेशन टीममध्येच मिळाली पाहिजे, हा हट्ट सोड. पाणीपुरवठा, करवसुली, तक्रार निवारण अशा एखाद्या विभागात विश्लेषक म्हणून दोन वर्षं काढ. नंतर टीमकडे गेलीस तर ते तुला प्रमाणपत्र बघून नाही, अडचण माहीत असलेली म्हणून घेतील. बाबांना हे पत्र दाखव, आणि पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा कुठल्या विभागाची निविदा वाचलीस ते कळव.