आयर्लंडचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

युरोपीय संघातील लहान देशांच्या प्रभावावर प्रबंध लिहिताना तू आयर्लंडची निवड केलीस, हे मला फार आवडले. तुझ्या आराखड्यात मात्र सारा भर मतांच्या गणितावर आहे. युरोपीय संसदेत जर्मनीच्या ९६ जागा आणि आयर्लंडच्या १४, सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देशांचा आणि ६५ टक्के लोकसंख्येचा पाठिंबा हवा, हे खरेच आहे; पण तेवढ्यावरून लहान देशाला दुबळा ठरवलेस, तर विषयाचा गाभा हातून निसटेल.

तू २००४ पासून सुरुवात कर. डिसेंबर २००३ मध्ये संघाच्या नियोजित संविधानासाठी भरलेली ब्रुसेल्सची शिखर परिषद मतांच्या वाटणीवरून फिसकटली होती, कारण आधीच्या नीस कराराने मतांच्या वाटणीत मिळालेले झुकते माप सोडायला स्पेन आणि पोलंड तयार नव्हते. १ जानेवारीला संघाचे दर सहा महिन्यांनी एका देशाकडून दुसऱ्याकडे जाणारे फिरते अध्यक्षपद आयर्लंडकडे आले. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी घाई केली नाही. एकेका सरकारशी स्वतंत्रपणे बोलून कोण कुठवर मागे सरकेल याचा अंदाज घेतला. मार्चमधल्या निवडणुकीनंतर स्पेनमध्ये सत्तांतर झाले, त्याचाही उपयोग झाला, हे नोंदवायला विसरू नकोस. १ मे रोजी दहा नव्या देशांचे स्वागत डब्लिनमध्ये झाले आणि १८ जूनला पंचवीसही देशांनी संविधान-करार मान्य केला. पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो फेटाळला, तरी ५५ आणि ६५ टक्क्यांचे सूत्र त्याच्या जागी आलेल्या लिस्बन करारात टिकले. ज्या सूत्रावरून तू आयर्लंडला दुबळे म्हणतेस, त्यावर सहमती आयर्लंडच्याच अध्यक्षतेखाली झाली.

नकाराची ताकद वेगळी तपास. २००८ मध्ये आयरिश मतदारांनी लिस्बन करार नाकारला, म्हणून युरोपीय आयोगात, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळात, प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम राहिला. मात्र २००९ मध्ये त्याच मतदारांना पुन्हा कौल द्यावा लागला. नकार हे महागडे साधन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत उर्वरित सव्वीस देश आयर्लंड आणि ब्रिटनचे उत्तर आयर्लंड यांच्यातील सीमेच्या प्रश्नावर डब्लिनच्या पाठीशी उभे राहिले, ते आयर्लंडने आधीपासून चिकाटीने आपली बाजू समजावून सांगितल्यामुळे. त्या काळातील पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातील वराडचे, म्हणून आपल्याला आपुलकी वाटणारच. प्रबंधात मात्र ती बाजूला ठेव.

आता युक्रेन, मोल्दोव्हा आणि पश्चिम बाल्कनमधील देश दाराशी आहेत, आणि प्रत्येक प्रवेशाला सर्वांची संमती लागते. २०२६ च्या उत्तरार्धातले अध्यक्षपद पुन्हा आयर्लंडकडे आहे. परंतु लिस्बन करारानंतर राष्ट्र व सरकारप्रमुखांच्या परिषदेला स्वतंत्र अध्यक्ष असतो. अहर्न बसले होते ती खुर्ची आता आयरिश पंतप्रधानांना मिळत नाही. मंत्रिपरिषदेच्या बहुतेक बैठका तेवढ्या आयरिश मंत्र्यांच्या हाती राहतात. त्यांतून विस्ताराच्या प्रश्नाला किती वळण देता येते, हे तुझ्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण व्हावे, असे मी सुचवतो. पहिला खर्डा झाला की पाठव.

तुझा हितचिंतक