रुग्णालयात ‘क्वालिटी’च्या नावाने मीटिंगा आणि ट्रेनिंग होतात, तरी त्याच चुका पुन्हा का होतात? पीडीएसए (प्लॅन-डू-स्टडी-अ‍ॅक्ट: ठरवा, करून बघा, अभ्यासा, मग पुढचं पाऊल) प्रत्यक्षात कसं करायचं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: ‘कॅज्युअल्टीतून रोज हिमोलाइज्ड सॅम्पल येतात, सिस्टर लक्षच देत नाहीत, आता एनएबीएचसाठी पीडीएसए दाखवायचंय.’ (हिमोलाइज्ड म्हणजे लाल पेशी फुटलेलं सॅम्पल, एनएबीएच म्हणजे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारी संस्था.) मी लिहायला बसले ती या ‘लक्षच देत नाहीत’मुळे. हे वाक्य ज्या मीटिंगमध्ये उच्चारलं जातं, तिथे सुधारणेचं काम त्याच क्षणी थांबतं.

सॅम्पल कशाने बिघडतं ते आधी पाहा. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या वीस पटींहून जास्त असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं दिसतं, एलडीएच आणि एसजीओटी ही पेशींतली एन्झाइमंही वाढतात. सेंट्रीफ्यूजमधून (रक्त वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या नळीत, वर पिवळसर सीरम दिसायला हवं, तिथे कोकम सरबताचा रंग दिसतो. पेशी फुटायची कारणं ठरलेली आहेत: बारीक सुई, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, व्हेनफ्लॉनमधून (सलाइनसाठी शिरेत ठेवायच्या मऊ नळीतून) रक्त काढणं, टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवणं, स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं, सिरिंजमधलं रक्त सुईसकट बल्बच्या झाकणातून आत दाबणं, आणि बल्ब हलक्या हाताने उलटासुलटा करायच्या ऐवजी खळाखळा हलवणं. यातली निम्मी कारणं हातात काय साहित्य आहे यावर ठरतात. लक्ष देण्या-न देण्याशी त्यांचा फार थोडा संबंध आहे.

आमच्या कॅज्युअल्टीत हेच झालं होतं. लॅबने नाकारलेल्या सॅम्पलच्या रिजेक्शन रजिस्टरमध्ये रात्रपाळी ठळक दिसत होती, आणि रात्रीच्या सिस्टर निष्काळजी आहेत असा निष्कर्ष सगळ्यांनी काढून टाकला होता. तोडगा नेहमीचा, सगळ्यांचं पुन्हा ट्रेनिंग. ते झालं, सह्या झाल्या, आकडा हलला नाही. मग एक कागद छापला. प्रत्येक सॅम्पलमागे चार रकाने: वेळ, वेगळी सुई टोचली की व्हेनफ्लॉनमधून घेतलं, सिरिंज किती मिलीची, बल्ब कसा भरला. नावाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. भरायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर गर्दीच्या वेळी कागद कोराच राहतो, म्हणून सगळीकडे फक्त टिक.

दोन आठवड्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा चित्र वेगळंच निघालं. २ आणि ५ मिलीच्या सिरिंज संध्याकाळपर्यंत संपत. स्टोअर सातला बंद. रात्री हाताशी उरायच्या त्या १० मिलीच्या. व्हेनफ्लॉन लावतानाच त्या सिरिंजने रक्त ओढलं जाई, कारण पेशंटला दुसऱ्यांदा टोचायला नको. मोठ्या सिरिंजचा ओढा जास्त, व्हेनफ्लॉनची नळी मऊ, रक्त फेसाळत येतं आणि पेशी फुटतात. सिस्टर पेशंटचा त्रास वाचवत होती. हे कुठलं ट्रेनिंग सुधारणार होतं?

बदल करताना सगळ्या कॅज्युअल्टीला सर्क्युलर काढायचं नाही. एक सिस्टर, एक पाळी, पाच पेशंट, एकच बदल. आधी अंदाज लिहून ठेवायचा की काय होईल, मगच करून बघायचं. अंदाज लिहिला नसेल तर शिकायला काही उरत नाही. म्हणूनच गुणवत्ता-सुधारणेचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग ‘चेक’ऐवजी ‘स्टडी’ या शब्दाचा आग्रह धरत.

पहिला बदल होता ‘रक्तासाठी नेहमी वेगळी सुई’. पुस्तकात हेच बरोबर आहे. पहिल्याच रात्री तो कोसळला. तीन पेशंट एकदम आले, नातेवाईक ‘परत का टोचता?’ म्हणून अंगावर आले, आणि पाचातल्या दोघांचंच रक्त वेगळं काढता आलं. हा बदल सोडून दिला, आणि सोडला हे कागदावर लिहिलं. दुसऱ्या फेरीत व्हेनफ्लॉनमधूनच घ्यायचं, पण ५ मिलीच्या सिरिंजने आणि दट्ट्या सावकाश ओढून. त्यासाठी सुया, सिरिंज, बल्ब, स्वॅब असा एक ट्रे कॅज्युअल्टीतच ठेवला. तिसऱ्या फेरीत बल्ब भरण्याची पद्धत: सुई काढून शार्प्सच्या डब्यात टाकायची, बल्बचं झाकण उघडायचं, रक्त आतल्या भिंतीवरून सोडायचं. आधी सायट्रेटचा निळा बल्ब खुणेपर्यंत, मग प्लेन (ज्यात रक्त गोठू देतात तो), जांभळा ईडीटीए त्यानंतर. सायट्रेट आणि ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी रसायनं. ईडीटीएचा थेंब जरी प्लेनमध्ये गेला तरी पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं कमी येतं. पुढे निळा तीन-चारदा, जांभळा आठ-दहादा हळू उलटासुलटा करायचा.

रिजेक्शनचं मोजमाप दर शंभर सॅम्पलमागे करा. नुसती संख्या मोजली तर गर्दीचा आठवडा वाईट आणि सुट्टीचा आठवडा छान दिसतो. आलेखावर दर आठवड्याला एक टिंब, दहा-बारा टिंबांनंतर मध्यरेषा (निम्मी टिंबं वर, निम्मी खाली). सलग सहा टिंबं रेषेच्या एकाच बाजूला आली तर काहीतरी खरंच बदललंय. एका आठवड्यात आकडा उतरला म्हणून पेढे वाटू नका आणि चढला म्हणून मेमो काढू नका. नेहमीचा चढउतार कुठला आणि खरा बदल कुठला हे वेगळं काढण्यासाठी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ शूहार्टने १९२४ सालीच तक्ता दिला होता. आमच्या सहा टिंबांची रांग ट्रेच्या फेरीनंतर लागली, ट्रेनिंगनंतर नव्हे.

मेमोबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. रिजेक्शनवर मेमो सुरू झाले की आकडा लगेच खाली येतो. होतं इतकंच, की टेक्निशियन वॉर्डला फोन करून ‘ताई, परत एक पाठवा’ म्हणतो आणि रजिस्टरमध्ये नोंदच होत नाही. पेशंट दोनदा टोचला जातोच. म्हणून रिजेक्शनसोबत ‘एका पेशंटला किती वेळा टोचलं’ हेही मोजा. पहिला आकडा उतरला आणि दुसरा तिथेच राहिला, तर रजिस्टर खोटं बोलतंय. ‘अहो, तुम्ही त्यांना पाठीशी घालता’ हे मला आजही ऐकवलं जातं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी एक रात्र कॅज्युअल्टीत उभं राहून १० मिलीची सिरिंज हातात धरून बघावी.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) संसर्ग कमी केला. २००६ साली छापून आलेल्या त्या कामातली चेकलिस्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण लाइन घालायला लागणारं सगळं साहित्य एका गाडीवर एकत्र ठेवणं हाही त्याच कामाचा भाग होता, आणि आपल्याकडे त्यातला फक्त कागद आला. डेमिंगच्या चौदा मुद्द्यांपैकी एक तर घोषणा आणि पोस्टर बंद करा असाच आहे. तुमच्या भिंतीवर किती आहेत ते मोजा.

टिकवण्याचं काम कंटाळवाणं आहे. ट्रे कोण भरणार? ‘सगळे मिळून’ म्हणजे कोणीच नाही. संध्याकाळी सहाला स्टोअरमधून मावशी आणणार आणि नाइटची सिस्टर ओव्हर घेताना बघणार, हे इंडेंटच्या (स्टोअरकडे मागणी नोंदवायच्या) वहीतच छापून घ्या. स्टोअरकीपरला टीममध्ये घ्या, पहिल्या दिवसापासून.

एनएबीएचचं म्हणाल तर असेसरला हेच कागद दाखवा: रकान्यांचा तक्ता, फसलेल्या फेरीसकट तिन्ही फेऱ्या, टिंबांचा आलेख. फसलेली फेरी काढून टाकू नका. उद्दिष्ट एका वाक्यात लिहा: कुठे, काय, किती वरून किती, कोणत्या तारखेपर्यंत. फाइल एवढ्यात होते.

आमचं कारण सिरिंजचं निघालं. तुमच्याकडे कारण बल्ब लॅबपर्यंत नेण्यात असेल, किंवा प्लेन बल्ब नीट गोठायच्या आत सेंट्रीफ्यूजमध्ये टाकण्यात. रक्त गोठायला अर्धा तास तरी द्यावा लागतो. आमचा ट्रे उचलून नेऊ नका, आधी चार रकाने भरा.

आणि हे मी वर लिहायला हवं होतं: प्रत्येक लाल सीरम ही रक्त काढण्यातली चूक नसते. मलेरिया, काही सर्पदंश, न जुळणारं रक्त चढवलं जाणं, यांत पेशी पेशंटच्या अंगातच फुटतात. नीट काढलेलं दुसरं सॅम्पलही तसंच आलं तर ‘रिजेक्ट’ लिहून थांबू नका. फोन उचला आणि ड्युटी डॉक्टरला लगेच सांगा. रक्त चालू असेल तर ते आधी थांबवायला सांगा.