शिडाचे पंख करायचे, तर शिकायचं काय?

प्रिय विद्यार्थिनी,

चार डोलकाठ्यांची यॉट, आणि उडायची वेळ आली की त्याच काठ्या आडव्या होऊन पंख बनतात. हे संकल्पनाचित्र पाहिल्यापासून तुला असंच यान बनवायचं आहे. गणित आणि भौतिकशास्त्र आवडतं, हातही चित्रात चालतो. मग डिझाइनला जावं, एअरोस्पेसला (विमानं-यानं बांधण्याची अभियांत्रिकी) की नेव्हल आर्किटेक्चरला (जहाजांची रचना), असं तू विचारलं आहेस.

उत्तर आधी सांगते : एअरोस्पेस.

चित्रातली कल्पना भाबडी नाही. शीड म्हणजे उभा केलेला पंखच. दोन बाजूंच्या दाबातला फरक विमानाला वर उचलतो, तोच नौकेला पुढे ओढतो. २०१० साली अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत जिंकणाऱ्या यूएसए-१७ या नौकेवर कापडी शिडाऐवजी सुमारे ६८ मीटर उंचीचा कडक पंख होता. एवढा लांब एकच पंख कुठल्याही प्रवासी विमानाला नाही!

घोडं अडतं ते वजनापाशी. वारा नौकेला आडवाही ढकलतो. ती कलंडू नये म्हणून कीलमध्ये, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणाऱ्या कण्यात, शिसं किंवा लोखंड असतं, आणि कित्येक यॉटचा तिसरा हिस्सा भार तोच असतो. विमानात मात्र एकेका किलोसाठी झगडावं लागतं. त्यात पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. लाटांवर आपटणारं अंग भक्कम हवं, म्हणजे पुन्हा जड. आणि काठी दुमडायची बिजागरी येते नेमकी पंखाच्या मुळाशी, जिथे वाकवणारा ताण सर्वांत जास्त असतो. मला तर त्या चित्रातली सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात अवघड जागा हीच वाटते.

तुझं स्वप्न आज जिथे खरं झालंय, ती जागा पाण्याखाली आहे. हायड्रोफॉइल म्हणजे पाण्यातले छोटे पंख. वेग आला की ते अख्खी नौका पाण्याबाहेर उचलतात. २०१२ साली नामिबियातल्या वॉल्विस बे इथे सेलरॉकेट २ ही नौका ५०० मीटरच्या टप्प्यात सरासरी ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी १२१ किलोमीटर वेगाने गेली, तीही निव्वळ वाऱ्यावर. एवढ्या वेगात फॉइलभोवतीचा दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीही वाफ होते. ती अडचण सोडवायला फॉइलच्या आडव्या छेदाचा आकारच वेगळा घडवावा लागला.

म्हणून एअरोस्पेस. पंखाचं गणित हवेत शिकलीस की पाण्यात वापरता येतं, आणि हलकं पण मजबूत बांधायची शिस्त तिथेच अंगी बाणते. जहाजाचा तोल, लाटा, सांगाडा यांतच जास्त रमत असशील, तर नेव्हल आर्किटेक्चर घे. तीही चूक ठरणार नाही. डिझाइनची पदवी मात्र आत्ता नको, चित्र काढणं चालूच ठेव.

अशा संकल्पना-यानांवर पगार देणाऱ्या जागा फारच थोड्या आहेत, हे तुला आजच माहीत हवं. काम आहे ते शर्यतीच्या नौकांच्या फॉइलवर आणि मालवाहू जहाजांच्या पंख-शिडांवर. २०२३ मध्ये पिक्सिस ओशन हे जहाज ३७.५ मीटर उंचीची अशी दोन शिडं घेऊन निघालं.

या सुट्टीत छोटी शिडाची होडी चालवायला शिक. आणि त्या चित्रातल्या यानाचं वजन मांडून बघ : काठ्या, बिजागऱ्या, तळ, इंजिन, इंधन, माणसं. तेवढं उचलायला पंखाचं क्षेत्रफळ किती लागेल ते काढ, आणि तो कागद मला पाठव.