गिधाडं परत यावीत म्हणून सामान्य माणूस काय करू शकतो?

गावात लहानपणी दिसायची ती गिधाडं आता दिसत नाहीत, घरी दोन गाई आहेत, आपण काय करू शकतो, असं तुम्ही विचारलंय. गाई आहेत म्हणता, तर सुरुवात गोठ्यापासूनच करा.

मी जनावरांचा डॉक्टर. कास सुजली, गाय लंगडायला लागली की मालकाला ती संध्याकाळपर्यंत वैरणीला तोंड लावताना दिसायला हवी असते. त्यासाठी पूर्वी सर्रास डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचायचे. स्वस्त, आणि गुण लगेच. पण असं जनावर एक-दोन दिवसांत दगावलं आणि उघड्यावर टाकलं, की मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जातं. त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलेलं गिधाड उघडलं तर आतल्या अवयवांवर खडूची पूड फासल्यासारखा युरिक ॲसिडचा थर दिसतो. एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो, त्यामुळे शंभरातलं एखादं जनावर विषारी निघालं तरी पुरे. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली ती अशी.

२००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्या ३ मिलीपुरत्याच ठेवल्या. असिक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं! ते आणि गिधाडांना तसंच घातक असलेलं किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. हरियाणातल्या पिंजोरसारख्या प्रजनन केंद्रांत गिधाडांची पिल्लं वाढवतात, ते चांगलंच. पण बाहेरच्या मढ्यांत ही औषधं असतील तर ती सोडायची कुठे?

तेव्हा सुई टोचण्याआधी औषधाचं नाव विचारा. डॉक्टर असो की गावातला कुणी 'अनुभवी' माणूस, लाजू नका. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना चालतं आणि सहज मिळतं. वेदनाशामक दिल्यावर जनावर गेलंच, आणि औषध कुठलं ते ठाऊक नसेल, तर खोल खड्डा करून पुरा.

कोकणात कुणी नातेवाईक असतील तर त्यांनाही सांगा: रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला अजून गिधाडं आहेत, आणि तिकडे ती माडावरही घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. घरटं दिसलं तर वनखात्याला कळवा. फोटो काढायला झाडाखाली गर्दी नको, आणि फेसबुकवर ठिकाण तर मुळीच टाकू नका.