सूरसंवाद : मागे पाऊस लावला म्हणजे निसर्ग आला का?

या वेळी बासरीवर बरीच पत्रं आलीत. त्यात ऐरोलीच्या एका वाचकाचं पत्र मनात घर करून बसलं, म्हणून जास्त जागा त्यालाच देतोय, बाकी दोघांना थोडक्यात.

प्रश्न : सर, मी २७ वर्षांचा, ऐरोलीला राहतो, महापेला आयटीत जॉब आहे. नऊ वर्षं बासरी शिकतोय, विशारद झालंय. मला मैफिलीपेक्षा निसर्गावरचं वाद्यसंगीत करायचंय, पाऊस, जंगल, खाडी असं. चार ट्रॅक ऑनलाइन टाकले, मागे नेटवरून घेतलेला पावसाचा आवाज लावला, पण कोणी ऐकतच नाही. जॉब सोडून पूर्णवेळ यात उतरू का? घरचे म्हणतात वेड लागलंय.

उत्तर : तुझे चारही ट्रॅक दोनदोनदा ऐकले. फुंक स्वच्छ आहे, मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम तर फारच छान लागतो, हे आधी सांगतो कारण पुढचं जरा लागेल. त्या ट्रॅकमध्ये पाऊस आणि बासरी एकमेकांना ओळखतच नाहीत रे. पाऊस आपला पडतोय, तू आपला भूप राग वाजवतोयस, उद्या तो पाऊस काढून टाकला तरी काहीच बिघडत नाही. मग तो लावलाच कशाला?

१९६७ साली संतूरवादक शिवकुमार शर्मा, गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांनी मिळून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम केला, तो तू ऐकला असशीलच, परत ऐक, पण या वेळी वही घेऊन. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे तो, आणि पहाट कशी झाली तर अहिर भैरव रागाने, रात्र कशी उतरली तर देस रागाने. वेळ आणि ऋतू आपल्या रागांमध्येच बसलेत, मल्हार आहे, मेघ आहे, हे केवढं मोठं भांडवल आपल्याला आयतं मिळालंय आणि आपण आधी धावतो कुठे तर साउंड इफेक्टच्या फोल्डरकडे.

आता माझं सांगतो. ठाण्यात आलो तेव्हापासून जूनमध्ये पहाटे येऊरच्या जंगलात जायची सवय लागली. तिथे पावसाळ्यात कस्तुर पक्षी गातो, इंग्रजीत त्याला व्हिसलिंग स्कूलबॉय म्हणतात, उजाडायच्या आधी ओढ्याजवळच्या दगडावर बसून असा काही शीळ घालतो की एखादा पोरगा आठवेल तशी चाल म्हणतोय असं वाटतं. मला ती शीळ बासरीवर धरायची होती. पहिल्या वर्षी काहीच जमलं नाही, कारण तो आपल्या सुरांवर थांबतच नाही, दोन सुरांच्या मधून घसरत जातो, मग बोट पूर्ण न उचलता भोकाच्या कडेवरून सरकवत सरकवत शोधत बसलो, आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी कुठे अकरा सेकंदांचा एक तुकडा हाती लागला. तेवढ्या तुकड्यावर मी सात मिनिटांची रचना केली आणि तिच्यात पक्ष्याचं रेकॉर्डिंग एकही नाही. ती ऐकून पाचपाखाडीच्या एक आजी म्हणाल्या, आमच्या कोकणातल्या घरामागे हाच ओरडायचा. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

तुझ्या तर दारातच खाडी आहे! ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५ पासूनचा, हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खायला उतरतात, म्हणून भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जा. त्यांचा आवाज गोड नाही, बदकासारखा जाडाभरडा आहे, आणि तोच तुझ्या मंद्राला शोभेल. पहिले चार दिवस बासरी घरीच ठेव, फक्त ऐक. रेकॉर्ड करायचं असेल तर माइकला केसाळ विंडशील्ड हवंच, नाहीतर खाडीचा वारा सगळं खाऊन टाकतो, आणि हायवेची खालची घरघर ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट, म्हणजे खालचे आवाज कापणारा फिल्टर, लावून बरीच जाते. येऊरला जाणार असशील तर तो नॅशनल पार्कचा भाग आहे, वेळा आणि परवानगी वनखात्याच्या गेटवर विचारून घे. एक मात्र हात जोडून सांगतो, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून पक्षी बोलवू नकोस, विणीच्या काळात तो बिचारा घरटं सोडून शत्रू शोधत फिरतो.

नेटवरून आवाज घेतोस त्याबद्दल. पक्ष्याच्या शिळेवर कोणाचा हक्क नसतो पण ती रेकॉर्ड करणाऱ्याचा असतो. झेनो-कँटो या वेबसाइटवर पक्ष्यांचे हजारो आवाज आहेत, पण त्यातले खूपसे व्यावसायिक वापराला चालत नाहीत, प्रत्येकाचं लायसन्स वाचावं लागतं. मी एकदा एका सॅम्पल पॅकमधला, म्हणजे तयार आवाजांच्या संचातला, पाऊस वापरला, तोच पाऊस दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या नावावर लावलेला, आणि माझ्या ट्रॅकवर कॉपीराइटचा क्लेम येऊन पाच महिने पैसे अडकले. तेव्हापासून पाऊस माझ्याच गॅलरीतला.

पैशांचं गणित स्वच्छ सांगतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत ट्रॅक किमान १००० वेळा ऐकला गेला तरच रॉयल्टी मिळते. नुसता पावसाचा किंवा समुद्राचा आवाज असेल तर संगीताच्या मानाने फारच कमी मिळतं. रचना तुझी आहे तर संगीतकार म्हणून आयपीआरएसचा, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, मेंबर हो, हे काम लोक वर्षानुवर्षं टाळतात आणि मग हळहळतात. माझं घर चालतं ते शिकवण्यावर, माहितीपटांच्या पार्श्वसंगीतावर आणि स्टुडिओत दुसऱ्यांसाठी वाजवण्यावर. स्वतःच्या अल्बमवर नाही, अजूनही नाही.

म्हणून जॉब सोडू नकोस, निदान आत्ता नको. हरिप्रसादजींनी १९५७ पासून कटकच्या आकाशवाणीत नोकरी केली, त्याने त्यांची बासरी लहान झाली नाही. आणि या वाटेला भविष्यच नाही असंही नाही, २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा बासरीवादक वाउटर केलरमन आणि आपला संगीतकार रिकी केज यांना न्यू एज, म्हणजे शांत, ध्यानाला साजेशा संगीताच्या, अल्बमचं ग्रॅमी मिळालं, २०२४ मध्ये बासरीवादक राकेश चौरसियांनाही दुसऱ्या विभागांत ग्रॅमी मिळालं. पण त्यामागे किती वर्षांचा रियाज आहे ते बघ. घरच्यांना एकदा पहाटे खाडीवर घेऊन जा, सांगून पटणार नाही ते तिथे पटेल.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, बासरी शिकायची म्हणतो, पण मोठी बासरी त्याच्या बोटांत मावत नाही. काय करू? (कळव्याच्या एक आई)

उत्तर : ताई, मोठी आत्ता आणूच नका. ई बेस ही खालच्या सुराची मोठी बासरी जवळपास ३० इंचांची असते, मोठ्या माणसाचीही बोटं ताणली जातात. छोटी सी किंवा डी स्केलची घ्या, फक्त सुरात आहे ना ते गुरुजींकडून तपासून घ्या, जत्रेतली नको. परीक्षांची घाई नको, नुसती फुंक बसायलाच काही महिने जातात.

प्रश्न : मी निवृत्त आहे, पनवेलला असतो. दोन चांगल्या बासऱ्या तडकल्या. कारण काय?

उत्तर : काका, तुम्ही पत्रात एसीच्या खोलीचा उल्लेख केलाय, तेच कारण. एसीची हवा कोरडी, बांबू आकसतो आणि फाटतो, त्यात बाहेरच्या दमट हवेतून एकदम आत नेली की आणखी ताण. बासरी कव्हरमध्ये ठेवा, एसीच्या समोर किंवा उन्हातल्या गाडीत कधीच नाही, महिन्यातून एकदा आतून तिळाच्या तेलाचा अगदी हलका हात फिरवा. तडा बारीक असेल तर त्यात सुपरग्लूचा थेंब सोडून वरून दोरा घट्ट गुंडाळून घ्या, आवाज बहुतेक परत येतो. तडा फुंकेच्या भोकापर्यंत गेला असेल तर मात्र ती बासरी बनवणाऱ्याला दाखवा.