घरच्या पीसीवर ‘खरं’ युनिक्स विकत घेऊन चालवता येईल का?

तुमचा प्रश्न असा: लिनक्स नको, अस्सल युनिक्सच हवं, ते कुठे आणि केवढ्याला मिळेल, आणि साध्या पीसीवर चालेल का? चालेल. पण पैसे सॉफ्टवेअरवर घालवू नका, यंत्रावर घाला.

आधी ‘अस्सल’चा निकाल लावू. युनिक्स हे नाव ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा ट्रेडमार्क आहे. त्यांच्या चाचण्यांतून गेलेलं आणि दुकानात सहज मिळणारं युनिक्स म्हणजे अ‍ॅपलचं मॅकओएस. त्याचा परवाना फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालतो, म्हणजे मॅक घेतलात की युनिक्स आलंच. एससीओ या पीसीवरचं युनिक्स विकणाऱ्या जुन्या कंपनीच्या घराण्यातली ओपनसर्व्हर आणि युनिक्सवेअर आता झिनुओस कंपनीकडे आहेत. ती पैसे मोजून मिळतात, पण जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्यांना सोडता येत नाही त्यांच्यासाठी. घरच्या लॅपटॉपचं वायफाय त्यांच्यावर लागेल अशी आशा नको. ओरॅकलचं सोलॅरिस ११.४ वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी फुकट आहे, पण त्याचा जीव सर्व्हरमध्ये.

माझं मत फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या बाजूने. प्रमाणपत्र नाही, पण वंश थेट बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सचा. १९९३ पासून चालू आहे आणि किंमत शून्य.

आता यंत्र. इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स, इंटेलचं वायफाय आणि इंटेलचं इथरनेट असलेला वापरलेला थिंकपॅड लॅपटॉप (टी४८० सारखा) किंवा ऑफिसातून निघालेला डेलचा ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉप उत्तम. ब्रॉडकॉमचं वायफाय असलेलं यंत्र टाळा. अगदी जुना ३२-बिट पीसीही नको, फ्रीबीएसडीच्या १५ व्या आवृत्तीपासून त्याची सोय काढून टाकली आहे. ८ जीबी रॅम पुरेशी. ४ जीबी असेल तर इन्स्टॉल करताना झेडएफएसऐवजी यूएफएस निवडा (या डिस्कवर फाइली मांडण्याच्या दोन पद्धती).

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही जुना लॅपटॉप घेताना पेन ड्राइव्ह सोबत न्या. त्यावर एएमडी६४ ची ‘मेमस्टिक’ इमेज (पेन ड्राइव्हसाठीची इन्स्टॉलरची फाइल) विंडोजवर रूफसने किंवा लिनक्सवर डीडीने लिहिलेली असावी (नाव एएमडी असलं तरी इंटेललाही तीच लागते). लिहिण्याआधी फाइलची एसएचए२५६ ची बेरीज (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) फ्रीबीएसडीच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दुकानात बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर पेन ड्राइव्हवरून सुरूच होणार नाही. इन्स्टॉलर आला की ‘लाइव्ह’चा पर्याय घ्या, रूट (सर्व अधिकार असलेला युजर) म्हणून आत शिरा आणि यंत्रातल्या भागांची यादी देणारं ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ चालवा. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लहान अक्षरं.) ज्या ओळीची सुरुवात ‘नन’ अशी होते त्या भागाला ड्रायव्हर लागलेला नाही. ती ओळ वायफायची किंवा इथरनेटची असेल तर यंत्र परत ठेवा. ग्राफिक्स मात्र नेहमी ‘व्हीजीएपीसीआय’ म्हणूनच दिसतं. त्यावरून काही कळत नाही, मॉडेल वाचून ठरवा.

विंडोज ठेवायचं असेल तर वेगळी एसएसडी घाला आणि इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवा. ‘ऑटो झेडएफएस’ अख्खी डिस्क पुसतं, विचारतं एकदाच. सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज बिटलॉकरची (डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की मागू शकतं, ती आधीच लिहून ठेवा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये साटा (डिस्कची जोडणी) ‘रेड’वर असते, ती एएचसीआयवर आणा. त्याच यंत्रावर विंडोज असेल तर या बदलानंतर तेही अडू शकतं.

बाकी इन्स्टॉल वीसेक मिनिटांचं. एक डिस्क असेल तर ‘स्ट्राइप’, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) २ ऐवजी ४ जीबी. घड्याळ यूटीसीवर आहे का विचारलं आणि विंडोजही असेल, तर ‘नाही’ म्हणा. चुकलात तर वेळ साडेपाच तासांनी सरकते. युजर बनवताना ‘आणखी कोणत्या गटात?’ या प्रश्नावर ‘व्हील व्हिडिओ’ लिहा. हा प्रश्न सगळे एंटर मारून ओलांडतात. मग ‘एसयू’ (रूट होण्याची आज्ञा) नुसतं ‘सॉरी’ म्हणतं आणि ग्राफिक्सचा वेग मिळत नाही.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर फक्त काळा पडदा आणि लॉगिन दिसेल. ते बरोबरच आहे, डेस्कटॉप आपण घालायचा. रूट होऊन ‘पीकेजी इन्स्टॉल’ने एक्सऑर्ग (खिडक्या दाखवणारा पाया), डीआरएम-केमॉड (ग्राफिक्सचा ड्रायव्हर), एक्सएफसीई (डेस्कटॉप), फायरफॉक्स आणि देवनागरीसाठी नोटो फॉन्ट घ्या. वायफाय अडलं तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा आणि ‘केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस’ करा. ‘यूई०’ नावाचं जोडणीचं टोक दिसेल, त्यावर ‘डीएचक्लायंट’ चालवलं की नेट आलं. नंतर ‘सिसआरसी’ने ‘डीबस_इनेबल’ला ‘येस’ करा आणि केएलडी_लिस्टमध्ये (सुरू होताना चढणाऱ्या ड्रायव्हरांची यादी) इंटेल ग्राफिक्सचं ‘आय९१५केएमएस’ जोडा. हे आरसी.कॉन्फमध्येच (सिसआरसी लिहितं ती फाइल) जायला हवं. लोडर.कॉन्फमध्ये टाकलंत तर फार लवकर चढतं आणि सुरू होतानाच अडतं. शेवटी घरच्या फोल्डरात .एक्सइनिटआरसीमध्ये ‘एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४’ आणि मग ‘स्टार्टएक्स’. मराठी टायपिंगला एक्सकेबीचा (कीबोर्डची मांडणी ठरवणारा भाग) ‘इन’ लेआउट आणि ‘मराठी’ प्रकार दिला की इनस्क्रिप्ट मिळतो.

आवाज येत नसेल तर बहुतेक तो एचडीएमआयकडे गेलेला असतो. ‘कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट’मध्ये स्पीकरचा पीसीएम क्रमांक पाहा आणि ‘एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट’ तेवढा करा.

सर्वांत मोठा खड्डा अपग्रेडचा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलशी (कार्यप्रणालीच्या गाभ्याशी) जुळलेला असतो, पण तयार पॅकेज आधीच्या उपआवृत्तीवर बांधलेलं असू शकतं. म्हणून १४.२ वरून १४.३ वर गेल्यासारख्या उडीनंतर पडदा काळा पडू शकतो किंवा यंत्र कोसळू शकतं. झेडएफएस असेल तर उडीआधी ‘बीईसीटीएल क्रिएट’ने बूट एन्व्हायर्नमेंट (चालू सिस्टिमची प्रत) राखा, बिघडलं तर बूट मेन्यूतून जुनं निवडायचं. ड्रायव्हर नंतर पोर्ट्समधून (मूळ कोडवरून प्रोग्राम बांधायचा संच) बांधून घ्या, किंवा घाई नसेल तर महिना-दोन महिने थांबूनच अपग्रेड करा.

जीएसटीसाठी डीएससी (डिजिटल सही) टोकन वापरत असाल, तर कंपनीचा ड्रायव्हर इथे मिळेल अशी आशा नको. कॅननच्या एलबीपी २९०० प्रिंटरसाठीही कंपनी फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर देत नाही. एचपीचे बरेच प्रिंटर मात्र एचपीलिप या ड्रायव्हरवर चालतात. पैसे घेणारे व्हिडिओ ॲप फायरफॉक्समध्ये अडतात, कारण वाइडव्हाइन (अशा व्हिडिओंचं कुलूप उघडणारा भाग) फ्रीबीएसडीसाठी अधिकृतपणे मिळत नाही. टोकन, कॅननचा प्रिंटर आणि व्हिडिओ ॲप यांपैकी एकही रोज लागत असेल, तर विंडोजची डिस्क परत लावून ठेवा.